गोवऱ्यांचे बेट

भूगोलाच्या तासाला हॉलंडचा विषय निघाला की माझी वाणी सैल सुटते. समुद्राला मागे सारून तळाशी गहू पिकवणारा देश! फळ्यावर मी एक आडवी रेघ काढतो, ती समुद्राची पातळी. तिच्याखाली एक घर काढतो, घराजवळ एक गाय काढतो, आणि गाय पाण्याच्या पातळीखाली चरते आहे हे पाहून मुले खूश होतात. गेल्या वर्षी असाच रंगात आलो असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, त्या समुद्रात आधी कुणी राहत होतं का?"

वर्ग हसला. "मासे!" असे कुणीतरी ओरडले. मीही हसलो असेन. पण तास संपल्यावर तो प्रश्न माझ्या मागे लागला आणि घरापर्यंत आला. कारण त्याचे उत्तर 'होय' असे होते, आणि ते मला ठाऊक असूनही इतकी वर्षे मी वर्गात सांगितले नव्हते. आडव्या रेघेत ते बसत नव्हते, एवढेच!

त्या समुद्रात एक बेट होते. त्याचे नाव स्कोकलंड. त्याच्यावर एमेलोर्ड आणि एन्स अशी दोन खेडी होती. तिथे माणसे राहत, मासे मारीत, लग्ने करीत, भांडत आणि मरत. मग एके दिवशी सरकारने त्यांना उठवले.

हॉलंड मी पाहिलेले नाही. पाहण्याचा योग येईल असेही वाटत नाही. पण शिक्षकाचा प्रवास नकाशावरून होतो आणि त्याला तिकीट लागत नाही. शिवाय हे लोक आपल्याला अगदीच परके नव्हेत. आपल्या बखरींतले वलंदेज ते हेच. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती आणि तिचे पडके अवशेष तिथे उभे आहेत. ज्या आम्सटरडॅमचे सावकार पूर्वेकडे अशी गलबते धाडीत, त्याच शहराने 1660 मध्ये आमच्या या बेटाचा एमेलोर्डकडचा भाग, शेजारच्या उर्क बेटासकट, विकत घेतला. गावावर त्यांचे प्रेम होते म्हणून नव्हे. जहाजांच्या वाटेवर रात्री दिवा जळला पाहिजे आणि किनारा जागेवर राहिला पाहिजे, एवढ्यासाठी. या गावाच्या नशिबात पुढे जे आले त्याचे बी मला या खरेदीखतात दिसते. बेट इतरांना हवे होते ते दिव्यासाठी.

प्रथम भूगोल. हॉलंडच्या पोटात जिथे आज गोड्या पाण्याचे मोठे सरोवर आहे तिथे पूर्वी झायडर झी नावाचा समुद्र होता. झायडर झी म्हणजे दक्षिणेचा समुद्र. तोही काही सृष्टीच्या आरंभापासूनचा नव्हे. रोमन लोकांच्या काळी तिथे एक सरोवर होते आणि भोवती दलदलीचा सपाट मुलूख होता. ती जमीन पीटची. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात कुजत साचलेल्या शेवाळाची, गवताची काळी माती. ओली असताना ती स्पंजासारखी फुगते, वाळली की आक्रसते, आणि चुलीत घातली तर लाकडासारखी जळते. माणसाने तिथे चर खणून पाणी काढले आणि शेती केली; पाणी गेले तशी जमीन खचत गेली. मग 1170 आणि 1287 सालच्यासारख्या वादळांनी उत्तरेकडचा समुद्र आत घेतला. सरोवराचा समुद्र झाला आणि त्यात जमिनीचे काही तुकडे उरले. स्कोकलंड हा त्यांतलाच एक.

म्हणजे हे लोक समुद्रात राहायला गेले नव्हते. समुद्र त्यांच्याकडे राहायला आला!

दक्षिणोत्तर लांब, अरुंद अशी ती पट्टी होती. आज तिची लांबी सुमारे चार किलोमीटर भरते. रुंदी तर कुठेही नावाला. तिच्यावर माणसांनी माती, शेण आणि केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या रचून टेकाडे केली होती आणि त्या टेकाडांवर घरे होती. उत्तरेच्या टोकाला एमेलोर्ड; मध्यावर आणि दक्षिणेकडे एन्सच्या वाड्या. मध्ययुगात इथे शेती होती, गुरे होती. पण दरसाल समुद्र कडेचा लचका तोडी आणि जमीन आतून खचे. कुरण गेले तशी गुरे गेली. शेतकऱ्याचा नातू खलाशी झाला आणि पणतू कोळी. हेरिंग, अँचोव्ही, जे जाळ्यात येईल ते. त्यांच्या मासेमारीच्या एका जातीच्या होडीला आजही 'स्कोकर' म्हणतात. गाव गेले, होडीने नाव राखले.

नावाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. स्कोकलंड या नावाची एक व्युत्पत्ती अशी देतात की, 'स्कोक' म्हणजे वाळवलेल्या शेणाचे तुकडे, अर्थात आपल्या गोवऱ्या. बेटावर झाड नाही, लाकूड नाही. पायाखालचे पीट खणून जाळावे तर उभे राहायला जागा उरणार नाही. तेव्हा गाईच्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, वाळवायच्या आणि चुलीत सारायच्या. ही व्युत्पत्ती वाचली तेव्हा मी मोठ्याने हसलो आणि सौ.ना हाक मारून ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग त्यात एवढं काय? आपल्याकडेही तेच." तेच तर! युरोपच्या एका श्रीमंत राज्यात गोवऱ्यांचे बेट होते, आणि शेजारचे शहरवासी ते नाव उच्चारताना नाक मुरडीत असतील हे मला न सांगता कळते.

आता इतिहास. दीड चौरस कोसही नसलेल्या या पट्टीच्या दोन बाजू दोन धन्यांच्या होत्या. एमेलोर्ड आम्सटरडॅमच्या ताब्यात, एन्स ओव्हरआयसेल प्रांताच्या. धर्मसुधारणेच्या धामधुमीनंतर एमेलोर्ड कॅथलिक राहिले आणि एन्स प्रॉटेस्टंट झाले. दोन सरकारे, दोन चर्चे, दोन स्मशाने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही मिळून एक नगरपालिका झाली, पण कागदावर एकत्र आलेली माणसे चुलीपाशी एकत्र येतातच असे नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मात्र त्या दोन गावांना जोडणारी वाट मोठी मजेची होती. बेटाचा मधला भाग इतका चिखलाचा आणि पाण्याचा की, चालण्यासाठी किनाऱ्याच्या खुंटांच्या बाजूने फळ्या टाकलेल्या असत. त्या इतक्या अरुंद की, समोरून माणूस आले तर बाजूला व्हायला जागा नाही. सांगतात की, मग दोघे एकमेकांना मिठी मारीत, तसेच गर्रकन अर्धे वळत, आणि आपापल्या वाटेने चालू लागत. कॅथलिकाने प्रॉटेस्टंटाला, धनकोने ऋणकोला, सासूने सुनेलाही! न वळणारा चिखलात. धर्मगुरूंनी शंभर प्रवचनांत केले नसेल ते त्या फळ्यांनी केले, असे मला वाटते. वादळी वाऱ्यात, अंधारात, मीठ चढलेल्या निसरड्या लाकडावर ती मिठी किती घट्ट मारावी लागत असेल!

ही झाली मौजेची बाजू. दुसरी बाजू 1825 ची.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी वायव्येचा वारा उठला आणि झायडर झीचे पाणी बशीतल्या चहासारखे एका कडेला चढले. त्या समुद्राभोवतीच्या किनाऱ्यावर तीनशेहून अधिक माणसे बुडाली. स्कोकलंडवर तेरा. तेरा हा आकडा लहान वाटेल, पण सहासातशेंच्या वस्तीत तेरा म्हणजे एकही घर सुतकावाचून राहिले नसणार. लाकडी घरे वाहून गेली, एन्सचे चर्च मोडले.

पुढे 1834 मध्ये एन्सकरांना मधल्या टेकाडावर नवे चर्च बांधून मिळाले आणि 1842 मध्ये एमेलोर्डलाही. हे ध्यानात ठेवा, कारण ही नवी चर्चे आणि गावाचा शेवट यांच्यामध्ये फार काळ गेला नाही. बाहेरून पैसा येत होता. गरिबांसाठी वर्गण्या होत होत्या. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून कापड विणण्याचा उद्योगही बेटावर काढून पाहिला. माग बसवता येतो, पण कोळ्याचा कोष्टी एका पिढीत होत नाही. मासळी कधी येई, कधी न येई. किनाऱ्याचे खुंट आणि दगड दरवर्षी नवे लागत. हेगच्या कचेरीत बसून कुणीतरी हिशेब मांडला असणार: इतक्या माणसांसाठी इतका खर्च, दरसाल, अनंत काळ.

तो हिशेब चूक होता असे मी म्हणू शकत नाही. मीही गृहस्थ माणूस आहे. पुढच्या लाटेत शंभर मेली असती तर आज मीच लिहिले असते की, सरकारने त्यांना वेळेवर हलवले का नाही? पण हिशेबाचा दुसरा रकाना पाहा. 1858 च्या अखेरीस बेट रिकामे करण्याचा कायदा झाला. राजा तिसरा विल्यम याची त्यावर सही झाली. घरांची किंमत करून भरपाई ठरली. 10 जुलै 1859 रोजी स्कोकलंडची नगरपालिका संपली आणि बेट कांपेन शहराला जोडले गेले. साडेसहाशेच्या आसपास माणसे निघाली. आणि बेट? बेट ठेवले! त्याचा किनारा पुढेही दुरुस्त होत राहिला, दक्षिण टोकाचा दिवा जळत राहिला, बंदर राखले गेले. कारण ती पट्टी मागच्या मुलुखाला लाटांपासून आडोसा देई आणि वादळात सापडलेल्या जहाजांना आसरा. दिवेकरी, बंदरावरचा अधिकारी, बांधाचे मजूर अशी मोजकी माणसे तिथे राहिली. म्हणजे दगड-खुंटांचा खर्च टळला नाहीच. परवडली नाहीत ती फक्त घरे.

निघण्याची रीतही ऐका. घरे मोडून न्यायची. लाकूड, विटा, दारे, जे कामी येईल ते होडीत घालायचे आणि नव्या जागी उभे करायचे. कुणी कांपेनला गेले, तिथल्या ब्रुनेपे नावाच्या वस्तीत. कुणी फोलेनहोव्हेला, कुणी फोलेंडामला, कुणी उर्कला. एमेलोर्डचे चर्च वयाची वीस वर्षेही पुरी करण्याआधी उतरवले आणि त्याचे सामान वापरून दूर ओमेन गावी चर्च उभे केले. एन्सचे चर्च मात्र जागेवर राहिले. गावाचा शेवटचा महापौर गिलो नावाचा होता. गावाची दप्तरे मिटवून देण्याचे काम त्याच्याकडे आले. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून असेल, पण या माणसाचा विचार मनातून जात नाही. जन्ममृत्यूच्या नोंदवहीत शेवटची नोंद करून तो ती मिटत असेल तेव्हा खिडकीबाहेर कुणाच्या तरी घराच्या फळ्या खिळ्यांसकट उपटल्याचा आवाज येत असेल. हे माझे कल्पनेचे चित्र. पण फार खोटे नसावे.

स्कोकलंडची बोली निराळी होती. चार गावांत पांगलेली साडेसहाशे माणसे किती दिवस आपली बोली बोलणार? मुले नव्या गावच्या शाळेत गेली आणि तिथल्यासारखी बोलू लागली. ती बोली आज कुणीही बोलत नाही. हिचा हिशेब कोणत्याच रकान्यात नव्हता.

इथे गोष्ट संपती तर ती इतर शंभर ओसाड गावांसारखी झाली असती. पण इतिहासाने पुढे अशी गंमत केली आहे की, कादंबरीत मी ती घातली तर टीकाकार मला 'योगायोगांचा आश्रय' घेतल्याबद्दल झोडपतील.

कॉर्नेलिस लेली नावाच्या अभियंत्याने 1891 मध्ये झायडर झीचे तोंडच बांधून टाकण्याची योजना मांडली होती. लोकांनी मान डोलावली आणि पैसे कोण देणार असे विचारले. मग जानेवारी 1916 मध्ये पुन्हा पूर आला, महायुद्धात धान्याची टंचाई झाली, आणि जून 1918 मध्ये, लेली स्वतः मंत्री असताना, कायदा मंजूर झाला. बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध 28 मे 1932 रोजी पुरा झाला. समुद्राचा संबंध तुटला, आत नद्यांचे पाणी साचत गेले, आणि खाऱ्याचे गोडे झाले. ते पाहायला लेली नव्हता. तो 1929 मध्ये वारला होता.

नंतर त्या सरोवरातून जमिनीचे मोठमोठे तुकडे काढायचे काम सुरू झाले. ईशान्येकडच्या तुकड्यात उर्क आणि स्कोकलंड ही दोन्ही बेटे येत होती. भोवती बांध घालणे चालले होते तेवढ्यात मे 1940 मध्ये जर्मन फौजा देशात घुसल्या. तरी काम थांबले नाही. डिसेंबर 1940 मध्ये बांधाचे टोक टोकाला मिळाले, पंप अहोरात्र चालू लागले, आणि सप्टेंबर 1942 मध्ये अठ्ठेचाळीस हजार हेक्टर तळ उघडा पडला. त्या चिखलात चर खणायला माणसे लागत. जर्मनांच्या वेठबिगारीतून निसटलेले कितीतरी तरुण तिथे मजूर म्हणून दडून राहिले. लपणाऱ्यांचे नंदनवन असे त्या भागाला लोक म्हणू लागले. नोव्हेंबर 1944 मध्ये जर्मनांनी तिथे मोठी धरपकड केली, तेव्हा त्या नंदनवनाची हद्द कळली.

आणि स्कोकलंड? ते जागच्या जागी होते, फक्त आता ते बेट नव्हते. समुद्र त्याच्याभोवतून उठून गेला होता. ज्या पाण्याच्या भीतीने घरे मोडून नेली ते पाणी त्र्याऐंशी वर्षांनी नाहीसे झाले. 1859 मध्ये आईच्या कडेवर बसून होडीत चढलेले एखादे मूल जगते तर पंच्याऐंशीचे झाले असते. म्हातारपणी कुणी त्याला तिथे नेले असते, तर ते कोरड्या पायांनी आपल्या गावी चालत गेले असते.

उघडलेल्या तळाने काय काय दाखवले! बुडालेली गलबते जागोजाग चिखलात रुतलेली, मॅमथची हाडे, आणि स्कोकलंडच्या परिसरात तर हजारो वर्षांपूर्वीच्या नांगराचे ओरखडे. माणसाने तिथे शेत केले, पाण्याने ते नेले, पुन्हा माणूस आला. एन्सच्या त्या राहिलेल्या चर्चमध्ये 1947 मध्ये संग्रहालय उघडले आणि नव्या शेतांत फाळाला लागलेल्या वस्तू तिथे गोळा होऊ लागल्या.

नव्या मुलुखात नवी गावे हवी होती. मधोमध एक शहर आणि त्याच्याभोवती, सायकलवरून जाता येईल अशा अंतराने, वर्तुळात दहा खेडी, अशी आखणी झाली. शेतकरी निवडले ते अर्ज मागवून, पारखून. सरकारी माणसे अर्जदाराच्या घरी जात, शेतीचे ज्ञान तपासत, आणि बाईने घर कसे ठेवले आहे हेही पाहत! आमच्या शाळा-तपासणीची आठवण झाली. मग या नव्या गावांना नावे काय द्यावीत? मधल्या शहराला नाव दिले एमेलोर्ड. एका खेड्याला नाव दिले एन्स. एमेलोर्डला पासष्ट मीटर उंचीचा पाण्याचा बुरूज उभारला, तो पुरा झाला 1959 मध्ये. जुने एमेलोर्ड उठल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्या बुरुजाखाली फिरणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानात आले असेल, कोण जाणे.

जिवंत माणसांनाच हलवले असेही नाही. 1940 च्या सुमारास बेटावरच्या जुन्या दफनभूमीतल्या अस्थी मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी उकरून नेल्या होत्या. त्या साठ वर्षे कपाटांत राहिल्या. वंशजांची आता एक संघटना आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना एकमेकांचे चर्च चालत नव्हते ते तिच्यात एकत्र येतात. 2003 मध्ये त्या अस्थी परत आणून बेटावर पुरल्या. 1859 नंतर गावी कायमचे राहायला परतलेले स्कोकलंडकर ते एवढेच.

1995 मध्ये युनेस्कोने स्कोकलंडला जागतिक वारशाच्या यादीत घातले. हॉलंडमधले त्या यादीतले ते पहिले स्थळ. पवनचक्क्या आणि आम्सटरडॅमचे कालवे त्याच्या मागून आले. आता तिथे चौफेर शेते आहेत, बटाटे आहेत, कांदे आहेत, आणि मधून एक लांबट उंचवटा गेलेला दिसतो. उत्तरेच्या टोकाला जुने बंदर नीट करून ठेवले आहे. होड्या बांधायचे खुंट आहेत, धक्का आहे, भोवती गवत आहे.

पण त्या उंचवट्याला नवा रोग जडला. भोवतीच्या शेतांसाठी पाणी उपसले जाते, त्यामुळे खालचे पीट वाळते, आणि वाळले की आक्रसते. बेट खचू लागले. तेव्हा या शतकाच्या आरंभी तिथल्या अभियंत्यांनी उपाय केला: स्कोकलंडला लागून असलेली जमिनीची एक पट्टी शेतीतून काढली आणि तिच्यात पाण्याची पातळी मुद्दाम वर चढवून ठेवली. बेट वाचवायचे तर भोवती थोडे पाणी हवे!

यंदा तो धडा पुन्हा आला तेव्हा मी आडवी रेघ काढली नाही. नकाशा टांगला आणि त्या मुलीच्या धाकट्या बहिणीला, ती आता त्याच वर्गात आहे, पुढे बोलावून एमेलोर्ड शोधायला सांगितले. तिने चटकन बोट ठेवले. "बरोबर," मी म्हणालो, "आता बोट थोडं खाली घे." तिने घेतले. तिथे नकाशावर काहीच छापलेले नव्हते. "इथं काय आहे, सर?" तिने विचारले.

मी खडू खाली ठेवला आणि गोवऱ्यांपासून सुरुवात केली.